पूर्वबाल्यावस्थेतील विकास व शिक्षणविषयक संशोधन प्रकल्प : निष्कर्ष, मर्यादा आणि अंगणवाडीच्या संदर्भातील अर्थ

सारांश :

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या काळातील संगोपन व शिक्षण यांचे परिणाम मोजणारे अनेक संशोधन प्रकल्प गेल्या सहा दशकांत जगभर झाले. त्यांतील काही प्रकल्पांची आकडेवारी धोरणविषयक अहवालांत आणि चर्चासत्रांतील निबंधांत वारंवार उद्धृत केली जाते. मात्र ज्या कामामुळे ती आकडेवारी हाती आली त्या कामाचा तपशील बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात अमेरिका, जमैका व भारत येथील निवडक प्रकल्पांचा परामर्श घेतला आहे. बालकाच्या वाट्याला जाणत्या प्रौढाचा किती व कोणत्या प्रकारचा वेळ आला, या एका प्रश्नाच्या आधारे या प्रकल्पांचे यशापयश बऱ्याच अंशी समजून घेता येते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पूर्वबाल्यावस्था, पूर्वप्राथमिक शिक्षण, अंगणवाडी, यादृच्छिक वाटप, दीर्घकालीन अनुवर्ती अभ्यास.

१. प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून शालेय रचनेत समाविष्ट केला. त्यामुळे आजवर महिला व बालविकास खात्याचा विषय मानली गेलेली अंगणवाडी शिक्षणशास्त्राच्या चर्चेत केंद्रस्थानी आली. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान व समाजकार्य या विषयांच्या प्राध्यापकांनी या क्षेत्रात लघुशोध प्रकल्प हाती घ्यावेत, अशी अपेक्षाही त्यातून निर्माण झाली आहे. अशा प्रकल्पांच्या प्रस्तावनेत एक विधान हमखास आढळते : 'बालशिक्षणावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे समाजाला सात डॉलर परत मिळतात.' हे विधान कोठून आले, कोणत्या परिस्थितीत खरे ठरले आणि ते आपल्याकडील अंगणवाडीला जसेच्या तसे लागू होते काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) या क्षेत्रातील पायाभूत प्रकल्पांची रचना व निष्कर्ष यांची ओळख करून देणे. २) परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांची संगती लावणे. ३) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, संशोधकांना त्यातून मिळणारा बोध स्पष्ट करणे.

२. संशोधनपद्धतीविषयी थोडेसे

बालवाडीत गेलेली मुले पुढे शाळेत चांगली प्रगती करतात, एवढ्यावरून ती प्रगती बालवाडीमुळे झाली असे म्हणता येत नाही. मुलाला आवर्जून बालवाडीत पाठवणारे पालक अन्य बाबतींतही जागरूक असू शकतात. त्या जागरूकतेचा परिणाम आणि बालवाडीचा परिणाम वेगळा करणे ही या क्षेत्रातील मूलभूत अडचण होय. ती दूर करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे यादृच्छिक वाटप. पात्र बालकांपैकी कोणाला कार्यक्रमाचा लाभ मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर दोन्ही गट आरंभी सर्वसाधारणपणे सारखे असतात आणि पुढे दिसणारा फरक कार्यक्रमाचा मानता येतो.

दुसरी अडचण काळाची आहे. पूर्वबाल्यावस्थेतील अनुभवाचे फळ अनेकदा तारुण्यात दिसते. म्हणून त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे माग ठेवणारे दीर्घकालीन अनुवर्ती अभ्यास आवश्यक ठरतात. असे अभ्यास खर्चिक असतात आणि ते एका संशोधकाच्या कारकिर्दीपेक्षाही लांबू शकतात. जगभर त्याच मोजक्या अभ्यासांचा पुनःपुन्हा उल्लेख होतो, त्याचे हे एक कारण आहे.

३. पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्प

अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी या गावी डेव्हिड वायकार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९६२ ते १९६७ या काळात हा प्रकल्प राबवला गेला. गरीब आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ बालके त्यासाठी निवडली होती. त्यांपैकी ५८ बालकांना पूर्वप्राथमिक वर्गात प्रवेश मिळाला व ६५ बालके नियंत्रित गटात राहिली. वर्ग रोज सकाळी अडीच तास भरे. पाच-सहा बालकांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका असे. बालकांनी स्वतः योजना आखावी, ती पार पाडावी आणि काय केले ते सांगावे, असा दिनक्रम होता. याखेरीज शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक बालकाच्या घरी जाऊन आईसह सुमारे दीड तास काम करीत. बहुतेक बालकांना हा लाभ दोन वर्षे मिळाला.

सुरुवातीचे निकाल उत्साहवर्धक होते. पाचव्या वर्षी बुद्धिगुणांक ९० किंवा अधिक असणाऱ्यांचे प्रमाण प्रायोगिक गटात ६७ टक्के, तर नियंत्रित गटात २८ टक्के होते. पण प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच दोन्ही गटांच्या बुद्धिगुणांकांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. अभ्यास त्या टप्प्यावर थांबवला असता, तर प्रकल्प निष्फळ ठरल्याची नोंद झाली असती. संशोधकांनी तो थांबवला नाही. चाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९७ टक्के व्यक्तींची त्यांनी पुन्हा भेट घेतली. तेव्हा माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांचे प्रमाण प्रायोगिक गटात ७७ टक्के व नियंत्रित गटात ६० टक्के आढळले. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३६ व ५५ टक्के होते.

'एका डॉलरमागे सात डॉलर' हा हिशेब याच प्रकल्पाच्या सत्ताविसाव्या वर्षीच्या पाहणीतून आला. त्या लाभाचा मोठा भाग गुन्हेगारी घटल्यामुळे वाचलेल्या खर्चाचा होता, ही बाब सहसा सांगितली जात नाही. गटांच्या वाटपातही काही तडजोडी झाल्या होत्या. उदाहरणार्थ, आई नोकरी करीत असल्यामुळे काही बालके नियंत्रित गटात हलवण्यात आली. नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या त्रुटी लक्षात घेऊन फेरगणना केली आणि वार्षिक परतावा ७ ते १० टक्के असल्याचा निष्कर्ष काढला. हा परतावाही भरघोसच आहे. परंतु तो अत्यंत निकट स्वरूपाच्या कार्यक्रमाचा परतावा आहे. वर्गातील साडेबारा तास आणि घरभेटीचा दीड तास मिळून आठवड्याला सुमारे चौदा तास बालक अशा प्रौढाच्या सहवासात होते, जिच्याकडे एका वेळी पाच-सहांहून अधिक मुले नव्हती.

४. ॲबेसिडेरियन प्रकल्प

उत्तर कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात १११ बालके होती. येथे आरंभ तिसऱ्या वर्षी न होता जन्मानंतर काही महिन्यांतच झाला. प्रायोगिक गटातील बालके पाच वर्षांची होईपर्यंत आठवड्याचे पाच दिवस, पूर्ण दिवस, जवळजवळ वर्षभर केंद्रात राहत. खेळांच्या रूपाने केलेल्या कृतींत भाषेवर विशेष भर होता. नियंत्रित गटातील कुटुंबांनाही लोहयुक्त शिशुआहार व सामाजिक सेवांचे साहाय्य देण्यात आले. त्यामुळे दिसणारा फरक केवळ आहाराचा नव्हता, हे स्पष्ट करणे शक्य झाले.

एकविसाव्या वर्षी चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयात पोहोचलेल्यांचे प्रमाण प्रायोगिक गटात सुमारे ३६ टक्के, तर नियंत्रित गटात सुमारे १४ टक्के होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिशी ओलांडलेल्या या व्यक्तींची शारीरिक तपासणी करण्यात आली. प्रायोगिक गटातील, विशेषतः पुरुषांचा, रक्तदाब व एकूण प्रकृती अधिक चांगली आढळली. शिशुवयातील संगोपन व भाषिक संवाद यांची नोंद प्रौढपणीच्या आरोग्यातही सापडावी, ही या प्रकल्पाने दिलेली महत्त्वाची भर होय.

५. जमैकातील घरभेटींचा अभ्यास

वरील दोन्ही प्रकल्प श्रीमंत देशातील आहेत. भारताच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रकल्प जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. कुपोषणामुळे उंची खुंटलेली ९ ते २४ महिने वयाची १२९ बालके चार गटांत विभागण्यात आली. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुग्धयुक्त पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटात आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा एक तास घरी जाऊन आईला बालकाशी खेळण्याच्या व बोलण्याच्या पद्धती दाखवी. तिसऱ्या गटाला दोन्ही लाभ मिळाले व चौथ्याला यांपैकी कोणताही मिळाला नाही. खेळणी घरातील टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली होती आणि सेविका उच्चशिक्षित नव्हत्या.

दोन वर्षांनंतर आहार व खेळ दोहोंचाही लाभ दिसला आणि दोन्ही मिळालेली बालके सर्वांत पुढे होती. पुढे पूरक आहाराचा बौद्धिक लाभ ओसरला, पण खेळ-संवादाचा लाभ टिकून राहिला. या बालकांपैकी १०५ जणांचा बाविसाव्या वर्षी शोध घेण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खेळ-संवादाचा लाभ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २५ टक्के अधिक होती.

येथील हिशेब उद्बोधक आहे. आठवड्याला एक तास याप्रमाणे दोन वर्षांत जेमतेम शंभर तास होतात. पेरी किंवा ॲबेसिडेरियन प्रकल्पाच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य आहे. तरीही परिणाम टिकला, कारण सेविकेचा तास मुख्यतः आईसाठी होता. सेविका निघून गेल्यावर उरलेला आठवडाभर आईने तेच काम चालू ठेवावे, अशी त्या भेटीची योजना होती.

६. विपरीत निष्कर्ष : टेनेसीचा अनुभव

लहान प्रमाणावर यशस्वी झालेला कार्यक्रम राज्यभर नेल्यास काय होते, याचे उत्तर टेनेसी राज्यातील अभ्यासाने दिले. तेथील शासकीय पूर्वप्राथमिक वर्गांत २००९ व २०१० या वर्षांत उपलब्ध जागांपेक्षा अधिक अर्ज आलेल्या ठिकाणी प्रवेश यादृच्छिक क्रमाने दिले गेले. त्याचा लाभ घेऊन व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २,९९० बालकांचा माग ठेवला. वर्षअखेरीस वर्गातील बालके पुढे होती. तिसऱ्या इयत्तेपर्यंत चित्र उलटू लागले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहाव्या इयत्तेत या बालकांची राज्य चाचण्यांतील कामगिरी नियंत्रित गटापेक्षा कमी होती आणि शिस्तभंगाच्या नोंदी अधिक होत्या.

या अभ्यासाने मोठी खळबळ उडाली. टेनेसीतील वर्गांना पात्र शिक्षक होते, साधनेही होती. मग उणीव कोणती? संशोधकांनी वर्गनिरीक्षणांच्या आधारे काही शक्यता मांडल्या आहेत. संपूर्ण वर्गाला एकत्र बसवून शिकवणे, अक्षरे व अंक यांच्या सरावावर भर, रांगा लावणे व एका कृतीतून दुसरीकडे जाणे यांत जाणारा वेळ आणि शिक्षकाचे बोलणे अधिक व ऐकणे कमी, अशा त्या बाबी होत. या शक्यता म्हणजे सिद्ध झालेली कारणे नव्हेत. तथापि 'पूर्वप्राथमिक वर्ग' या एकाच नावाखाली भिन्न प्रकारचे अनुभव असू शकतात आणि त्यांचे परिणामही भिन्न असतात, एवढे यातून निश्चित होते.

७. भारतीय संदर्भ

७.१ कोसबादचा वारसा : महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने यांचा वापर झाला. जमैकात १९८० च्या दशकात ज्या तत्त्वावर काम झाले, त्याच्याशी नाते सांगणारे हे तत्त्व कोसबादला कितीतरी आधी आचरणात आले होते. फरक असा की, कोसबादचा प्रयोग सेवेसाठी होता. तुलनात्मक मोजमापाच्या दृष्टीने त्याची आखणी झालेली नव्हती.

७.२ एकात्मिक बालविकास सेवा योजना : २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या या योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला. आज देशात सुमारे १४ लाख व महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तिच्याकडे आहेत. त्यांचा भार मानधनावर काम करणारी एक सेविका व एक मदतनीस यांच्यावर असतो. आहारवाटप, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणे व आता भ्रमणध्वनीवरील माहिती भरणे यांतून जो वेळ उरेल तो शिक्षणाचा, अशी प्रत्यक्ष स्थिती आहे.

७.३ भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या परिणामांचा अभ्यास : आंबेडकर विद्यापीठ, दिल्ली येथील बालशिक्षण केंद्र आणि असर केंद्र यांनी २०११ ते २०१६ या काळात आसाम, राजस्थान व तत्कालीन आंध्र प्रदेश (विभाजनानंतर तेलंगणा) येथील सुमारे १४ हजार बालकांचा चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंत माग ठेवला. अंगणवाडी, मग पहिली, मग दुसरी असा सरळ प्रवास कागदावरच असल्याचे त्यात दिसले. मुले अंगणवाडी, खाजगी बालवाडी व प्राथमिक शाळा यांत मागेपुढे ये-जा करीत होती. पाच वर्षांच्या बालकांची शालेय सिद्धता समाधानकारक नव्हती. अंगणवाडीत शिक्षणाला वेळ अपुरा होता, तर खाजगी बालवाड्यांत घोकंपट्टी होती. वयानुरूप खेळ व कृती जेथे होत्या तेथील बालके अधिक तयार होती, पण अशी केंद्रे थोडी होती.

७.४ दिल्लीतील गणितखेळ : प्रथम या मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेच्या दिल्लीतील २१४ बालवाड्यांतील १,५४० बालकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्या व आकार यांची सहजजाण वाढवणारे खेळ काही महिने खेळवले असता ती जाण वाढली आणि वर्षाहून अधिक काळ टिकली. मात्र प्राथमिक शाळेतील गणितात त्याचा लाभ दिसला नाही. शाळेतील गणित अंक, चिन्हे व शब्द यांच्या भाषेत चालते. सहजजाण व ही भाषा यांना जोडणारा दुवा खेळांत पुरेसा नव्हता, असा त्याचा अर्थ लावला जातो. केवळ खेळ असणे पुरेसे नाही, खेळातून काय जोडले जाते तेही महत्त्वाचे आहे, हा त्याचा बोध.

७.५ तमिळनाडूतील प्रयोग : लेखाच्या मुख्य प्रतिपादनास सर्वांत थेट आधार येथे मिळतो. अलेहांद्रो गनिमियन, कार्तिक मुरलीधरन व ख्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी तमिळनाडूच्या चार जिल्ह्यांतील ६४० अंगणवाड्यांत हा अभ्यास केला. त्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या निम्म्या केंद्रांत अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती केवळ पूर्वशालेय शिक्षणासाठी देण्यात आली. परिणामी शिक्षणाचा वेळ दुप्पट झाला. अठरा महिन्यांनंतर त्या केंद्रांतील बालकांचे गणितातील गुण ०.२९ व भाषेतील गुण ०.४६ प्रमाण विचलनाने अधिक आढळले. विशेष म्हणजे उंची खुंटण्याचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. कारण उघड आहे. शिकवण्याच्या जबाबदारीतून अंशतः मोकळी झालेली मूळ सेविका पोषण व आरोग्याच्या कामाला अधिक वेळ देऊ शकली.

७.६ ओडिशातील घरभेटी : जमैकाच्या पद्धतीवर आधारित कार्यक्रम ओडिशातील १९२ खेड्यांत तपासला गेला. प्रत्येक घरी स्वतंत्र भेट आणि माता-बालकांच्या साप्ताहिक गटसभा या दोन्ही पद्धतींनी बालकांच्या बौद्धिक विकासात जवळपास सारखीच सुधारणा झाली. गटसभांचा खर्च मात्र बराच कमी होता. मर्यादित मनुष्यबळाच्या राज्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

८. चर्चा

वरील प्रकल्प एकत्र पाहिले असता सूत्र स्पष्ट होते. पेरी प्रकल्पात शिक्षिकेजवळ मुले थोडी होती. जमैकात आईच शिक्षिका झाली. तमिळनाडूत एका कार्यकर्तीची भर पडली. या तिन्ही ठिकाणी बालकाला प्रतिसाद देणाऱ्या प्रौढाचा वेळ वाढला. टेनेसीत प्रौढ उपस्थित होता, पण त्याच्या वेळाचा विनियोग बहुधा वेगळ्या प्रकारे झाला. दिल्लीत वेळ व खेळ दोन्ही होते, पण पुढील शिक्षणाशी सांधा जुळला नाही. अर्थात वेळ ही आवश्यक अट असली तरी ती एकमेव अट नव्हे.

या पार्श्वभूमीवर पेरी प्रकल्पाचा परतावा सांगून अंगणवाडीकडून तशाच फलाची अपेक्षा करणे न्याय्य ठरत नाही. ज्या सेविकेकडे वीस-पंचवीस बालके आणि सहा सेवांची जबाबदारी आहे, तिच्या केंद्रातील बालके मागे पडली तर तो दोष तिच्या प्रशिक्षणावर ढकलण्याकडे कल असतो. प्रशिक्षण हवेच. पण ज्या कामाला वेळच नाही, त्या कामाचे प्रशिक्षण वाढवून फारसे साधत नाही.

९. महाविद्यालयीन संशोधकांसाठी बोध

१) अंगणवाडीतील भौतिक सुविधांची जंत्री देण्यापेक्षा प्रौढाच्या वेळाचे निरीक्षण करावे. दर पाच मिनिटांनी सेविका काय करीत आहे, कोणाशी बोलत आहे आणि बालकाच्या बोलण्याला प्रतिसाद मिळाला काय, याची नोंद लहान प्रकल्पातही शक्य आहे.

२) तुलनागटाविना परिणामाचे विधान करू नये. चिठ्ठ्या टाकणे शक्य नसेल तर निष्कर्ष वर्णनापुरते मर्यादित ठेवावेत.

३) चाचणी बालकाच्या घरच्या भाषेत घ्यावी. वारली, कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या बालकाची प्रमाण मराठीतील चाचणी त्याच्या आकलनाऐवजी प्रमाणभाषेशी असलेला त्याचा परिचय मोजते.

४) अनुवर्ती अभ्यासाची सोय आरंभीच करावी. पालकांची संमती, गोपनीयता आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांशी संपर्क राखण्याची पद्धत प्रकल्पाच्या आराखड्यातच असावी. प्राध्यापक निवृत्त होतात, पण महाविद्यालय त्याच गावात असते. दीर्घकालीन नोंदी जतन करण्यासाठी ग्रामीण महाविद्यालयाइतकी सोयीची संस्था दुसरी क्वचितच सापडेल.

५) प्रतिकूल निष्कर्ष दडवू नयेत. टेनेसीच्या संशोधकांनी ते प्रसिद्ध केले म्हणूनच वर्गातील दिनक्रमाकडे लक्ष वेधले गेले.

१०. समारोप

पूर्वबाल्यावस्थेतील शिक्षणाचा परिणाम आयुष्यभर टिकू शकतो, याला आज भक्कम आधार आहे. तो आपोआप टिकतो, याला मात्र आधार नाही. पायाभूत स्तराची नवी रचना अंमलात येत असताना अभ्यासक्रम, पुस्तिका व साधने यांची चर्चा पुष्कळ होते. बालकासमोर बसून त्याचे ऐकण्यासाठी कोणाकडे, किती वेळ शिल्लक आहे, हा प्रश्न त्या चर्चेत अग्रभागी यावयास हवा. कोसबादच्या कार्याने या प्रश्नाचे उत्तर आचरणातून दिले होते, तर तमिळनाडूच्या प्रयोगाने ते मोजून दाखवले. महाराष्ट्रातील लाखाहून अधिक अंगणवाड्यांत ते उत्तर कितपत उतरते, हे पाहण्याचे काम परिसरातील महाविद्यालये आपल्या आवाक्यातील प्रकल्पांतून निश्चितच करू शकतील.